उकळलेला स्पंज

इस्पितळात त्यांना सगळे उकळबाई म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. शस्त्रक्रियेची हत्यारं उकळून निर्जंतुक करण्यात बाईंचा उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हत्यारं उरली नाहीत, म्हणून घरातले चमचे, फडकी आणि सुनेचे कंगवे उकळू लागल्या. जित्याची खोड, दुसरं काय! हाताखालच्या मुलींना त्यांचा एकच दम असे: चूक झाली तर सांगा, लपवलीत तर माझ्याशी गाठ आहे.

सुनेने काचेची टाकी आणली तेव्हा बाईंना वाटलं, चला, मासे येणार. पण मासे काही येईनात. वाळू, पाणी, गुरगुरणारा फिल्टर आणि आठवड्यांमागून आठवडे रिकामी टाकी. वर सून त्यात कसल्याशा बाटलीतले थेंब टाकायची.

"हे कसलं औषध गं?"

"अमोनिया, आई. माशांच्या घाणीतून हाच तयार होतो आणि त्यांचाच जीव घेतो. तो खाणारे जंतू आधी फिल्टरच्या स्पंजात वाढवायचे. ते पुरेसे झाले की मग मासे."

"जंतू वाढवायचे?"

"चांगले जंतू, आई."

जन्मभर जंतूंचा निर्वंश केलेल्या बाईसमोर चांगले जंतू म्हणणं म्हणजे फौजदारासमोर चांगले चोर म्हणण्यातलाच प्रकार.

अखेर एका शनिवारी सुनेने काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. रंग पिवळाच राहिला. म्हणजे अमोनिया सगळा फस्त झाला होता. "उद्या मासे आणू," ती म्हणाली, आणि त्या आनंदात नवऱ्याला घेऊन बाहेर जेवायला गेली.

घरात राहिल्या बाई आणि टाकी. उद्या पाहुणे येणार, आणि फिल्टरमध्ये तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज! सुनेचं बोलणं त्या विसरल्या नव्हत्या, हे सांगायलाच हवं. त्यांना फक्त वाटलं, कालच्या पोरीला काय कळतंय. त्यांनी स्पंज पातेल्यात खळखळून उकळला आणि पांढरा स्वच्छ करून जागच्या जागी बसवला.

मासे आले, दोन दिवस छान बागडले. मग एका सकाळी सगळे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड वासू लागले. एक तळाशी आडवा पडला होता. सुनेने पाणी तपासलं, तर नळी हिरवीगार, म्हणजे अमोनिया पुन्हा साचला होता. तिने फिल्टर उघडला आणि स्पंज हातात घेऊन बघत राहिली.

"हा कोणी धुतला?"

"मला काय ठाऊक? मी त्या टाकीकडे फिरकतसुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

"मी धुतला," बुटाची नाडी बांधता बांधता मुलगा म्हणाला. "घाण दिसत होता."

सून बादली आणायला गेली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटचा पोरगा त्यांच्यासाठी खोटं बोलला, तेही किती सहज. म्हणजे आई कबूल करणार नाही, हे तो धरूनच चालला होता. आणि त्यात त्याचं चुकलं कुठे? शिकाऊ मुलींना त्यांनी याहून लहान खोट्यासाठी रडवलं होतं. खोलीत जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, पण मुलगा कामावर गेल्याचा आवाज आला तेव्हा उठल्या.

सून नळीने टाकीतलं पाणी बादलीत सोडत होती. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"अगं, स्पंज मी उकळला. त्याने नाही."

"माहीत आहे, आई. फिल्टर कुठून उघडतो ते तरी ठाऊक आहे का त्याला?"

"मग बोलली का नाहीस? तुझ्या तोंडावर खोटं बोलले मी."

सुनेने भरलेली बादली सरकवून दुसरी लावली.

"तू मला रागाव," बाई म्हणाल्या. "चांगलं खडसावून बोल. मी ऐकून घेईन."

सुनेने नळी बाजूला ठेवली, हात पुसले, बाईंना दंडाला धरून हळूच खुर्चीवर बसवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या हो, आई. आता या वयात तुम्हाला काय रागवायचं?"