एक माणूस कमी

चष्मे बनवणाऱ्या त्या गृहस्थांना शोधपथकात सगळे 'दुर्बीण' म्हणत. झुडपात अडकलेला दोराही त्यांना लांबून दिसायचा. पथकातले सगळेच बिनपगारी. डोंगरात कोणी हरवलं की हातातलं काम टाकून धावायचं. नव्या लोकांना प्राथमिक धडे द्यायचं काम दुर्बिणींनी आपणहून अंगावर घेतलं होतं. जोडीदाराला सोडायचं नाही. हाक मारली की मिनिटभर गप्प राहून कान द्यायचा. जाताना वहीत सही, परतल्यावर पुन्हा सही. "सही नाही म्हणजे माणूस अजून वरच आहे," असं ते टेबलावर बोट आपटून सांगत.

त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन फिरायला गेले आणि वाट चुकले. दुर्बिणींच्या जोडीला शाळेतल्या नर्सबाई होत्या. अकराच्या सुमारास वायरलेसवर निरोप आला, आजोबा सापडले, सुखरूप आहेत. दोघं खाली उतरली. नर्सबाई आजोबांना तपासायला गेल्या. दुर्बीण सहीला निघाले, तर वहीच्या टेबलाभोवती ही गर्दी. तेवढ्यात रस्त्यावर मेव्हण्याची स्कूटर थांबली.

"भावजी, घरी सोडू?"

पाय भरून आले होते. फोन करून कळवू, असं मनाशी म्हणत ते मागे बसले.

घरी पोहोचेपर्यंत फोनने मान टाकली होती. तो चार्जिंगला लावून त्यांनी आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि जरा आडवे झाले, ते घोरायलाच लागले.

चारच्या सुमारास बायको कामावरून धावतपळत आली आणि दारातच थबकली.

"तुम्ही घरात?"

"मग कुठे असणार?"

"अहो, मग ती माणसं डोंगरावर कोणाला शोधतायत?" ती मटकन खुर्चीत बसली. "दोनदा फोन आला मला. अख्ख्या बसमध्ये रडत आले मी."

दुर्बिणींच्या तोंडचं पाणी पळालं. पथकातल्या कोणाचाच फोन लागेना. रिक्षा करून ते डोंगराच्या पायथ्याशी उतरले, तोच वरून हाक आली, "दुर्बीऽऽण!"

आणि मग सगळं शांत.

ती शांतता त्यांनीच शिकवलेली होती. वर पंचवीस-तीस माणसं श्वास धरून त्यांच्या आवाजाची वाट बघत होती. पहिली हाक त्यांनी तशीच जाऊ दिली. दुसरी हाक आली, तीही त्यांनी मान खाली घालून ऐकली. तिसऱ्या हाकेला कसंबसं म्हणाले, "ओ. मी खाली आहे."

माणसं उतरली. एकेक जण वहीत सही करून निघून गेला. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सगळ्यात शेवटी नर्सबाई आल्या, मनगट ओढणीने गळ्यात बांधलेलं. घळीत पाय घसरला होता.

"मला वाटलं, मी तुम्हाला एकटं सोडलं म्हणून हे झालं," त्या म्हणाल्या.

दुर्बिणींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यानंतर तीन आठवडे ते पथकाकडे फिरकले नाहीत. गिऱ्हाइकांनी विचारलं की पाठदुखीचं कारण पुढे करत. शेवटी बायकोच म्हणाली, "निदान त्या बाईंकडे तरी जाऊन या."

ते गेले. पाठ केलेलं सगळं उंबऱ्यातच विसरले. "चुकलो," एवढंच म्हणाले.

"राग आला होता मला," नर्सबाई म्हणाल्या. "अजून थोडा आहे."

"असू दे."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, तेही डाव्या हाताने. मग म्हणाल्या, "उद्या प्लास्टर दाखवायला जायचंय. एका हाताने बसमध्ये चढता येत नाही. येता बरोबर?"

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षाने निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "पडलात कशा?"

बाईंनी दुर्बिणींकडे पाहिलं.

"मला शोधताना," ते म्हणाले. "मी घरी झोपलो होतो."