हाव

"प्लॉट तुमालेच देतो, गुरुजी. फक्त नावाची पाटी नका लावू."

लेआउटवाल्याने हे चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. माझ्या हातात माझी यादी होती. सात-बारा, बिगरशेतीचा एनए आदेश, मोजणीचा नकाशा, पोचरस्ता, पाणी. सगळं तपासून मी गडचिरोलीत पहिला प्लॉट घ्यायला आलो होतो. पाटी यादीत नव्हती.

"काऊन?" मी विचारलं.

"तुमचं आडनाव वाचलं का बाकीचे प्लॉट पडून राहतीन. सारे विकले का मंग लावजा, भाऊ. मोठी लावजा!"

चौघं हसले. मीही हसलो. आम्ही बौद्ध. शाळेत पोरांना समता शिकवणारा मी, हसत सही करून आलो.

घर बांधलं. अडचणी आल्या, तशा सोडवल्या. माकडांनी छपराचे कवेलू फोडले, पत्रे टाकले. शेजाऱ्याचं कुंपण माझ्या हद्दीत दोन फूट आत सरकलं, सरकारी मोजणी आणली. प्रत्येक अडचणीला वहीत एक पान. बिनपाटीच्या दाराला मात्र पान नव्हतं. उलट पोस्टमनला मीच सांगितलं, टपाल शाळेत टाकत जा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग विकून नफा मिळेल म्हणून शेजारचा दुसरा प्लॉट घेतला. आता लेआउट लवकर भरावा ही माझीच गरज झाली. रविवारी जागा बघायला लोक यायचे. लेआउटवाला त्यांना माझ्या ओट्यावर पाठवायचा. ते चहा प्यायचे आणि आवाज खाली करून विचारायचे, "इथी आपलेच लोक हायेत ना?"

"हाव," मी म्हणायचो.

आमच्याकडे होकाराला हाव म्हणतात. पुस्तकात हाव म्हणजे लोभ. माझ्या तोंडून दोन्ही निघायचे.

एकदा सरकारी दवाखान्यातली एक नर्स एकटीच आली. भाड्याच्या खोल्या बदलून थकलेली. माझ्या प्लॉटला लागून असलेला प्लॉट तिला हवा होता. तिच्या फायलीवर नाव होतं. आपल्याच समाजाचं आडनाव, मी लगेच ओळखलं. ती इथे आली तर माझ्या प्लॉटचा भाव पडेल, एवढंच डोक्यात आलं.

"तो विकला, बाई."

आठ दिवसांनी ती परत आली. बसली नाही.

"तलाठ्याकडून सात-बारा काढला, भाऊ. तो प्लॉट विकलाच नाई."

मी चहाचं विचारलं.

"पोस्टमननं तुमचं आडनाव सांगतलं. दुसऱ्यानं हाकललं तर मले सवय हाये. तुमी काऊन?"

ती गेली. मी तसाच लेआउटवाल्याकडे गेलो. तिथे गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर माझं पूर्ण नाव सांगितलं, जात सांगितली, आणि तो प्लॉट त्या बाईला द्या म्हटलं.

"गुरुजी, याड लागलं का? तुमचाच भाव पडते ना!"

"पडू द्या."

दुसऱ्या दिवशी पाटी ठोकली आणि नर्सबाईला सांगायला गेलो. तिने दारातूनच ऐकलं. "मी दुसरीकडं पाहून राह्यली," म्हणाली. आत बोलावलं नाही. बरोबर केलं. ज्यांना मी हाव म्हटलं, त्यांच्यासारखाच मीही तिच्या वाटेत उभा होतो.

आता लोक पहिली जागा कशी घ्यायची ते विचारायला येतात. आधी मी कागद समजावतो, मग तिच्याशी बोललेलं खोटं जसंच्या तसं सांगतो. ऐकून उठायचं त्याने उठावं. कोणाला आडनावावरून जागा नाकारली असं कळलं, की मी त्याच्यासोबत नाकारणाऱ्याच्या ऑफिसात जातो. खुर्ची ओढून बसतो. कोरा कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, "नाई म्हनता ना? कारण लिहून द्या. खाली सही करा."

लिहून मिळेपर्यंत उठत नाही. उठणारही नाही.