ह्याचा कफील कोण?

२०२३ साल. मी बासष्टचा होतो आणि सौदीतल्या खर्जच्या एका डेअरीत गाई सांभाळत होतो. त्या दिवशी अमेरिकेहून पाहुणा आला, माझ्याच वयाचा. नेमकी एक गाय अडलेली, वासरू उलटं. मी बजावलं, "कुणी हात लावायचा नाही!" पण माझाच हात थकला. तेव्हा पाहुण्याने घड्याळ खिशात टाकलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि वासरू ओढून काढलं. मग गवताच्या चुंबळीने त्याचं नाक पुसलं, अगदी मी पुसतो तसं.

डेअरीतले नाशिकचे इंजिनियर साहेब म्हणाले, "चाचा, हे अमेरिकेतले आमदार."

मी हादरलो. शेणात गुडघे टेकलेला आमदार!

"मूळचे डेन्मार्कचे. तरुणपणी तिकडे गेले, शेती केली."

म्हणजे परका! इथे कफिलाच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाच्या, नावाशिवाय परक्याला राहता येत नाही. तीस वर्षं इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात घेऊन फिरणारा मी, मला हे पटेचना. विचारलं, "ह्याचा कफील कोण होता?"

साहेबांनी हसत हसत इंग्रजीत विचारलं. पाहुणा हसला नाही. हात धूत म्हणाला, "कफील नव्हता. शेजारी होते."

गावी आमच्या बागेचा राखणदार ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. कर्नाटकातून येऊन वीस वर्षं झालेला. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही करायची नाही, अशी मी मुलाला तंबी दिली होती. परका तो परकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला फोन लावला. "त्याच्या अर्जावर सही कर."

"अब्बा, तुम्हीच तर…"

"कर म्हटलं ना! आणि मी सांगितलं म्हणून केलीस, हे कुणाला बोलू नको."