कॅप्टन हेन्रीचा मग

आमच्या शेजारचा अल्बर्ट मूळचा वसईचा. इथे दुबईतच एका हॉटेलच्या पबमध्ये बिअर भरायचा आणि बिअरबरोबर गोष्ट फुकट द्यायचा. काउंटरवर एक काळपट मग टांगलेला होता, त्यावर कोरलेलं, ‘कॅप्टन हेन्री, १८९१’. अल्बर्टच्या गोष्टीत ह्या हेन्रीची बोट दर शुक्रवारी खोर फक्कान बंदराजवळ वादळात सापडायची.

पुढे मंदी आली, पब खलास. मॅनेजर म्हणाला, आठवण म्हणून एकेक वस्तू न्या. अल्बर्टने मग उचलला. वसईला परतायची तिकिटं निघाली, तर त्याची बायको रोझलिन अडून बसली, “परक्याचं नाव घातलेलं भांडं मी नेणार नाही. त्याचे नातू असतील, त्यांना दे!”

झालं, हा लागला हेन्रीचे नातू शोधायला. जुन्या गिऱ्हाइकांना फोन. ते म्हणाले, “हेन्रीचं तर तूच सांगायचास!”

मी म्हटलं, “अल्बर्टा, परत द्यायचाय ना, निदान घासून दे.” देवाच्या भांड्यांसारखी चिंच-मीठ लावून बसले. काळं सगळं निघालं, खाली पिवळंधमक पितळ!

“मावशी, शंभर वर्षं धुऊन टाकलीत!”

“ते काळं एवढं जुनं असतं तर चिंचेला दाद दिली नसती रे.”

बुडावर शिक्का निघाला, आमच्याच अल कुसैस भागातल्या तय्यबच्या भांड्यांच्या दुकानाचा. गेलो दोघं.

तय्यब म्हणाला, “मेरा ही माल है, हबीबी. मुरादाबाद से सादा आता है. काला यहीं करते हैं, नाम भी यहीं डालते हैं.”

“आणि हेन्री?”

“पबवाले बोले, कोई भी अंग्रेज़ नाम डाल दो.”

रोझलिन म्हणाली, “आता खुशाल ने.” तर अल्बर्टच नको म्हणे. “कोणाचाच नाही तो.” नोकरी गेली तेव्हासुद्धा असं तोंड नव्हतं केलं. मग आमच्याच ओट्यावर ठेवून गेला.

मी सदानंदकडून, माझ्या मुलाकडून, कागदावर मराठीत नाव लिहून घेतलं. तय्यबच्या माणसाने ते बघून मगाच्या दुसऱ्या बाजूला कोरलं, ‘प्रमिलाकडून अल्बर्टास’. आमच्यात आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचंच नाव असतं.

“आहेर आहे,” मी म्हटलं. “परत करायचा नसतो.”

रोझलिनने स्वतः टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातला.

परवा तिचा वसईहून फोन. “शोकेसमध्ये ठेवलाय. पाहुणे विचारतात, प्रमिला कोण?”

“अल्बर्ट काय सांगतो?”

“काय सांगू मावशी! तुमची बोट सध्या उम्म अल कुवैनजवळ वादळात सापडलीय.”