दारावरची वेलबुट्टी
ओल्या जिप्समचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. शाळा सातवीतच सुटलेल्या मला रियाधमध्ये हाताला धरून जिप्समच्या गिलाव्याचं काम शिकवलं ते रत्नागिरीच्या एका चाचांनी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. एका नव्या बंगल्याच्या दारावरच्या भिंतीत त्यांनी जीव ओतून जिप्समची वेलबुट्टी काढली होती. पुण्याचे इंजिनिअर साहेब आले आणि हसले, "चाचा, शंभर वर्षांपूर्वी युरोपने नक्षी फेकून दिली, तुम्ही अजून फुलंच काढताय? मॉडर्न घर सपाट असतं. खलास, तोडा!" हातोडा त्यांनी माझ्याच हातात दिला. नाही म्हटलं तर परत पाठवतील, या धास्तीने मी तो घेऊन दाराकडे वळलो. चाचांनी तो ओढून घेतला. "दे पोरा, तुझ्या हातून नको," म्हणाले आणि स्वतःच पहिला घाव घातला. आता मीही सपाट, पांढऱ्या भिंतीच करतो. घर त्यावरच चालतं, याचाच जास्त संताप येतो.