या कॅसेटसारखं करून द्या

रेकॉर्डिंग स्टुडिओच्या भिंतींना आतून गाद्या ठोकलेल्या असतात, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आतलंही फारसं बाहेर जात नाही. त्यामुळे आमच्याकडे जे काही घडायचं ते तिथंच साचून राहायचं. आता तिथं मोबाईलचं दुकान झालंय. पण जुनं कुणी भेटलं की एकातून एक निघत जातं आणि समोरचा चहा गार होतो.

नव्वदच्या दशकात नगरला दिल्ली गेटच्या आत, एका जिन्यावर, आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. मालक सॅम्युअल भिंगारदिवे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. तरुणपणी त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं. मी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, म्हणून त्यांनी मला आधी कीबोर्डवर बसवलं आणि मग मिक्सिंगला. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं गाणं, ढोलकी, कोरस एकमेकांत नीट बसवणं.

गाणारा कुणीही असो, आला की पिशवीतून एक कॅसेट काढायचा. मुंबईच्या कुठल्या तरी कंपनीची, गाजलेली. ती टेबलावर ठेवून म्हणायचा, "या कॅसेटसारखं करून द्या."

मग आम्ही इक्वलायझर घेऊन बसायचो. ती सरकत्या बटणांची एक रांग असते. डावीकडं बेस, म्हणजे जाड आवाज, उजवीकडं ट्रेबल, म्हणजे बारीक, टोकदार आवाज. थोडं त्यांचं ऐकायचं, थोडं आपलं ऐकायचं, आणि एकेक बटण वरखाली करत आपलं त्यांच्यासारखं होतंय का बघायचं.

*

पाथर्डीचे एक जीपवाले होते. त्यांनी स्वतः देवीची गाणी म्हटली होती. नमुन्याला आणलेली कॅसेट आम्ही लावली तर आवाज घोंगडीखालून यावा तसा. वर्षानुवर्षं जीपमध्ये काचेखाली उन्हात पडून ती मेली होती. भाऊंनी ती बाजूला ठेवली आणि गाणी चांगली स्वच्छ करून दिली.

दोन दिवसांनी जीप जिन्याखाली येऊन थांबली. आत पॅसेंजर खच्चून भरलेले. जीपवाले वर आले ते लालबुंद होऊन.

"माझी गाणी पार बिघडवली तुमी. नुसती चिरकत्यात."

"इथं ऐका," भाऊ म्हणाले.

"हितं कशाला ऐकू? लोकं काय तुमच्या हाफिसात बसून ऐकनार हायेत? जीपमधी चला."

भाऊ खाली जाऊन जीपमध्ये बसले. खरंच चिरकत होती. मग मी वर ट्रेबल उतरवायचे, कॅसेट भरायचे, खाली न्यायचे, ती जीपमध्ये वाजायची, आणि जीपवाले मान हलवायचे. न्हाई. पुन्हा वर. पॅसेंजर घामानं निथळत होते. एका म्हाताऱ्याची एसटी चुकली, तो भाऊंना नको नको ते बोलला. उतरून कुणी गेलं मात्र नाही, कारण भाडं आधीच दिलेलं. शेवटी एकदाची ती घोंगडीखालून आल्यासारखी वाजली आणि जीपवाले म्हणाले, "हां. आता आली देवी."

पुढच्या वर्षी ते परत आले. आम्ही करून दिलेली तीच कॅसेट हातात.

"भाऊ, नवी जीप घेतली. गाणी परत बिघडली."

*

दशक संपत आलं तेव्हा भाऊंनी कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासोबत पुण्याच्या मित्राकडून एका सीडीवर नवीन प्रकार आला, त्याला प्लगइन म्हणायचे. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. त्याला आधी नमुन्याचं गाणं ऐकवायचं, मग आपलं. बेस कुठं कमी, ट्रेबल कुठं जास्त, ते तो स्वतः मोजायचा आणि आपलं गाणं नमुन्याच्या वळणावर नेऊन ठेवायचा. स्क्रीनवर दोन वाकड्या रेषा दिसायच्या. खालची हळूच वर जाऊन दुसरीला चिकटायची. बघताना अंगावर काटा यायचा.

पहिलं काम मिळालं आमच्याच चर्चचं. नाताळची गाणी. नाताळ तोंडावर आलेला, कॅसेटची आगाऊ मागणी घेऊन झालेली. रेकॉर्डिंग आम्ही चर्चमध्येच जाऊन केलं होतं. नमुना म्हणून पाळकसाहेबांनी परदेशातल्या मोठ्या गायकवृंदाची कॅसेट दिली. त्यात भलामोठा ऑर्गन.

ऐकायला पाळकसाहेब आणि गाणाऱ्यांपैकी बरेचजण दाटीवाटीनं आत बसले. मी बटण दाबलं. त्या ऑर्गनइतका बेस आमच्या गाण्यात कुठून आणणार? प्लगइननं मात्र जिथं बेस म्हणून जे काही सापडलं ते सगळं ओढून वर काढलं. तो डिसेंबर होता, उसाचा सीझन. चर्चच्या बाहेरच्या रस्त्यावरून त्या दिवशी ट्रॅक्टर जात होते, ते रेकॉर्डिंगच्या वेळी कुणाला ऐकूही आले नव्हते. आता ते स्पष्ट आले. आधी इंजिन, मग एक ट्रॉली, मग मागची दुसरी ट्रॉली. आणि त्यांच्या वरून, लांबून, "शांत रात्र".

कुणी हसेना. नवीन मशीन, सगळा समाज समोर, आणि परत रेकॉर्डिंग करायला दिवस कुठं होते? 

पाळकसाहेबांनी शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "सॅम्युअल, बेथलेहेमला साखर कारखाना होता का?"

तेव्हा कुठं सगळे हसले. मी खालचा सगळा बेस कापून टाकला आणि कॅसेट वेळेवर निघाली.

*

निवडणुका आल्या. एक उमेदवार आले. माणूस धिप्पाड, आवाज मात्र बारीक. त्यांनी एका मोठ्या पुढाऱ्याच्या भाषणाची कॅसेट आणली आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. प्लगइननं काम चोख केलं. उमेदवारांचा आवाज असा जड झाला की ऐकून त्यांनी स्वतःच खुर्चीत जरा सरकून बसून घेतलं. तो आवाज रिक्षांवरून तालुकाभर फिरला.

एका दुपारी भाऊ बँकेत गेले होते आणि मी एकटी होते. जिन्यावर पावलं वाजली. उमेदवार आणि त्यांच्यामागं कार्यकर्त्यांची झुंड. बाजाराच्या दिवशी सभा झाली होती. हे स्वतः बोलायला उभे राहिले, दोन-चार वाक्यं झाली, आणि पुढं बसलेल्या एकानं विचारलं होतं, "ते रिक्षातलं सायेब कवा येनार हायेत?"

सभेत हशा पिकला होता. कार्यकर्ते आता माझ्याकडं बघत होते. एकानं कॉम्प्युटरवर हात ठेवला. "ह्येच का ते मशीन?" तो हात तिथंच राहिला. मी उठून दारापर्यंत जाईन म्हटलं तरी वाट नव्हती.

"सगळे बाहेर थांबा," उमेदवार म्हणाले.

सगळे बाहेर गेले. त्यांनी आतून कडी लावली. ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, दाराकडं एकदा बघितलं आणि त्यांच्या त्या खऱ्या आवाजात हळूच म्हणाले,

"ताई, हे सभेच्या माईकला लावता येतं का?"

*

पुण्याच्या एका वितरकाचा फोन आला की तुमच्या कॅसेट हल्ली कानाला टोचतात. भाऊ भडकले. "त्याची सिस्टीम खराब असेल. इतकी वर्षं हेच करतोय मी."

मलाही राग आला. भाऊंचं खरं करून दाखवावं म्हणून मी कपाटातल्या आमच्या जुन्या कॅसेट काढल्या आणि प्लगइनला एकेक ऐकवत गेले. प्रत्येकीची रेष स्क्रीनवर ठेवत गेले. सगळ्यात जुनीची रेष उजवीकडं, ट्रेबलच्या बाजूला, छान उतरत होती. त्यानंतरच्या कॅसेटची थोडी कमी उतरत होती. त्यानंतरची सपाट. अलीकडच्यांची चढत होती.

प्रत्येक कॅसेटवर शेवटचा हात भाऊच फिरवायचे. म्हणजे ते दर वर्षी ट्रेबल वाढवत आले होते. माणूस ट्रेबल का वाढवत जातो, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. मी स्क्रीन बंद करायला हात नेला.

"राहू दे," मागून भाऊंचा आवाज आला. कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक.

त्यांनी स्वतः कपाटातून आणखी एक कॅसेट काढून दिली. मग आणखी एक. रेषा तेच सांगत राहिल्या. मग म्हणाले, "बारीक शिट्टीसारखा एक सूर सोड बरं."

मी सोडला. भाऊ स्पीकरकडं बघत राहिले. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"वाजतोय का?"

"हो, भाऊ."

"कधीपासून?"

"मगापासून."

ते खाली बसले. "बँडमध्ये माझ्या उजव्या कानाशी ट्रम्पेटवाला असायचा," एवढंच म्हणाले. खाली रस्त्यावर भांडी विकणारा ओरडत होता, तो गेला. मग भाऊ उठले.

"शैला, आजपासून ट्रेबलचं सगळं तू बघायचं. ढोलकी माझ्याकडं."

आणि त्यांनी पुण्याला फोन लावला. "हां, सॅम्युअल बोलतोय. तुमचं बरोबर होतं. आमचं एक मशीन बिघडलं होतं. माणूस बदललाय."

*

रंगनाथआबा नेवासा तालुक्यातले. भीमगीतं गायचे. आवाज भरदार, जमिनीतून आल्यासारखा, आणि थोडा खरखरीत. जयंतीसाठी त्यांची कॅसेट करायची ठरली. थंडीत त्यांची दोन गाणी रेकॉर्ड झाली आणि आबांचा घसा धरला. तो सुटेना. पुण्याला तपासलं, ऑपरेशन झालं, आणि आबांचा आवाज कायमचा गेला.

राहिलेली गाणी त्यांचा मुलगा मिलिंदनं म्हणावीत असं ठरलं. मिलिंद शाळेत शिक्षक. लहानपणापासून बापाच्या मागं कोरसला उभा राहिलेला. कॅसेट काढणारे म्हणाले, लोक आबांचा फोटो बघून घेणार, आवाज आबांसारखा लागला पाहिजे. मिलिंदनं गळा दाबून, खाली खेचून बापासारखं गायचा प्रयत्न केला. ओळीओळीला खोकला यायला लागला.

"तू तुझ्या गळ्यानं गा," भाऊ म्हणाले. "पुढचं मशीन बघेल."

"मशीननं आबा व्हत असतील तर माझं काय म्हननं न्हाई," मिलिंद म्हणाला आणि सरळ गायला.

मी प्लगइनला आबांची दोन गाणी ऐकवली आणि ती रेष मिलिंदच्या आवाजाला लावली. आवाजात तो भरदारपणा आला, ती जमीन आली. भाऊ माझ्याकडं बघत राहिले. मिलिंदनं हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "हे आबांना इचारल्याबिगर मी पुढं जानार न्हाई."

तर आबा आले. पांढरा सदरा, गळ्याभोवती मफलर. भाऊंना हात जोडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्ची ओढून बसले. भाऊंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "आबा, तुमच्या गाण्यातली एक ओळ मिलिंदकडूनही म्हणवून घेतलीय, तीच दोनदा लावतो. एक तुमची, एक मिलिंदची. तुमची कुठली ते सांगा. तुम्हाला ओळखू आली तर लोकांनाही येईल. मग मिलिंद त्याच्याच आवाजात गाईल."

मी स्क्रीन भिंतीकडं वळवली. पहिल्यांदा आबांची ओळ लावली. मग मिलिंदची.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. हातानं खूण केली, पुन्हा. मी त्याच क्रमानं पुन्हा लावलं. मिलिंद गादीच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. गाणं थांबलं तरी आबांनी डोळे उघडले नाहीत.

"आबा, तुमचा कुठला?" भाऊंनी विचारलं.

आबांनी दोन बोटं वर केली.

"दुसरा?"

आबांनी मान डोलावली. दुसरा.

मिलिंद पुढं आला, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. "आबा, दुसरा मी हाय. पयला तुमचा हाय."

आबांनी डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मानेनं नाही म्हटलं, आणि पुन्हा दोन बोटं वर केली.