लाल खुंटी

इंग्लंडातल्या बर्नली गावात, चढावरच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना अशी चिकटून उभी होती, की एकाला शिंक आली तर शेजारच्याने रुमाल शोधावा. अशा घरात माणसाचं काही लपून राहील असं वाटत नाही. पण राहतं. ग्लेनिस क्रॉशॉच्या बाबतीत ते तीन हिवाळे राहिलं.

ग्लेनिस बासष्ट वर्षांची. बस डेपोच्या कँटीनमध्ये सकाळी सहापासून ड्रायव्हर लोकांसाठी अंडी आणि बेकन तळायची, म्हणजे पाचला उठणं आलंच. उठली की पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला पाठ टेकून मोजे चढवायची. भिंत छान उबदार असायची. ग्लेनिस म्हणायची, “थँक्यू, स्टॅन.”

स्टॅन तिचा नवरा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. पण जिन्याखालच्या कपाटात घर तापवणाऱ्या बॉयलरचं टायमर होतं, ते त्यानेच पहाटे पाचला लावून ठेवलं होतं, आणि त्याचेच गरम पाण्याचे पाइप भिंतीतून जात असणार अशी तिची समजूत. तिने त्याला कधी बोट लावलं नाही. यंत्र म्हटलं की ती चार हात लांब राहायची.

भिंतीपलीकडे नॉर्मन थॉर्प. गिरणीतून निवृत्त झालेला एकटा म्हातारा, जन्माचा कुरकुऱ्या. हवा वाईट, चहा पातळ, पोस्टमन आळशी. तीन वर्षांपूर्वी एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तो तिला म्हणाला होता, “हल्ली पहाटे तुझे पाइप वाजत नाहीत.”

“मग बरंच झालं की!” ग्लेनिस फणकारली होती. “तेवढीच एक तक्रार कमी.”

म्हातारा टोपली उचलून आत निघून गेला.

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात थॉर्पला न्यूमोनिया झाला आणि त्याला इस्पितळात नेलं. प्रेस्टनहून भाची आली, तिने घराचा विजेचा मुख्य खटका बंद केला, किल्ली ग्लेनिसच्या हातात ठेवली आणि गेली. दोन आठवड्यांनी इस्पितळातून निरोप आला. गुरुवारी सकाळी नऊला नर्स घर बघायला येणार. घर नीट तापत असेल तर म्हातारा त्याच दिवशी घरी, नाही तर वृद्धाश्रमात. आणि त्या वृद्धाश्रमात गेलेलं माणूस गल्लीत परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

नेमकी त्याच दोन आठवड्यांत ग्लेनिसची भिंतही गार पडली होती. “स्टॅन, तूही दगा दिलास ना?” असं ती रोज पहाटे कुडकुडत म्हणत होती.

बुधवारी दुपारी काम संपवून ती थॉर्पकडे गेली. वीज चालू केली आणि जिन्याखालचं कपाट उघडलं. टायमर तिच्याकडे होतं तसंच. चोवीस तासांची पांढरी तबकडी, तिच्या कडेला चार खुंट्या. दोन लाल, दोन निळ्या. “लाल म्हणजे चालू, निळी म्हणजे बंद. एवढी काही मी ढ नाही,” ती स्वतःलाच म्हणाली. वीज गेल्यापासून तबकडी थांबलेली होती. स्वयंपाकघरातल्या सेलवरच्या घड्याळात तीन वाजले होते, तिने तबकडी तिनावर आणली. तबकडी गुरगुरत चालू लागली. ग्लेनिसची छाती फुगली.

तेवढ्यात चर्चच्या घड्याळाने दोनच टोले दिले.

ग्लेनिसने कपाळावर हात मारला. दर हिवाळ्याच्या तोंडाशी घेतात तशी रविवारी सगळ्या देशाने घड्याळं एक तास मागे घेतली होती. या रिकाम्या घरातलं कोण घेणार! तिने तबकडी धरली आणि एक तास मागे ओढायला गेली. ‘कट्ट’ झालं. गुरगुर बंद पडली.

“मेले!” ग्लेनिस म्हणाली. खरं तर मरण म्हाताऱ्याचं होतं, आणि ते तिच्या हातून झालं होतं. ती धावत थॉर्पच्याच फोनपाशी गेली आणि इस्पितळात फोन लावला.

“मागे फिरवलंस?” म्हातारा खोकत खेकसला. “अगं पोरी, ते मागे जात नाही. पुढेच जातं.”

“अहो, पण मला एकच तास मागे जायचंय!”

“मग तेवीस तास पुढे जा.”

“हा कुठला न्याय?”

“टायमरचा न्याय. आणि हळू. तुझं बेकन नाहीये ते, पलटायला.”

ग्लेनिसने जीव मुठीत धरून तबकडी पुढे फिरवली. संध्याकाळ गेली, रात्र गेली, पहाटेच्या लाल खुंटीशी बॉयलर भक्कन पेटला, निळीशी विझला. दोनाचा आकडा आला आणि तबकडी पुन्हा गुरगुरली. तिने फोन उचलला. “चाललं! पण तुमची लाल खुंटी पाचला आहे. तुम्ही आठशिवाय डोळा उघडत नाही. आठला आणू का?”

म्हातारा घाईघाईने म्हणाला, “राहू दे तिथेच. आणि हे बघ, वरच्या पुढल्या खोलीत जाऊ नकोस. पसारा आहे.”

नको म्हटलेल्या खोलीत जाणार नाही ती ग्लेनिस कसली! फोन ठेवला आणि सरळ जिना चढली. पसारा कुठला, खोलीत काडी नव्हती. म्हातारा मागच्या खोलीत झोपायचा, तिथलं गरम पाण्यावर तापणारं रेडिएटर त्याने जेमतेम उघडं ठेवलं होतं. या रिकाम्या खोलीतलं मात्र पूर्ण उघडं होतं. ते ज्या भिंतीला लावलं होतं, तिच्या पलीकडे ग्लेनिसचा पलंग होता.

ती तडक घरी आली. जन्मात पहिल्यांदा बॅटरी घेऊन स्वतःच्या टायमरपुढे गुडघ्यांवर बसली. निळ्या खुंट्या दोन, लाल एकच, संध्याकाळची. पहाटेची लाल खुंटी खाली बूटपॉलिशच्या डबीमागे धूळ खात पडली होती, आणि तिच्यावर पिवळ्या रंगाचा एक थेंब सुकला होता. तो रंग ग्लेनिसने कपाटाला दिला होता, तीन वर्षांपूर्वी. म्हणजे तेव्हाच धक्का लागून पडली असणार.

ग्लेनिस तिथेच फरशीवर बसून रडली. “स्टॅन,” ती म्हणाली, “तुझ्या वाट्याचं थँक्यू तुला पोचलं रे. पण तीन वर्षांचं सगळं त्या म्हाताऱ्याला जायला हवं होतं.” मग डोळे पुसून तिने खुंटी पाचावर दाबून बसवली.

गुरुवारी नर्स आली, आल्याआल्या कोट काढला. “इथे मीच राहते की!” म्हणाली आणि सही करून गेली. दुपारी अ‍ॅम्ब्युलन्सने थॉर्पला आणलं. पाच मिनिटांत वरून आरडाओरडा सुरू झाला.

“माझा पलंग कुणी हलवला?”

“मी. डेपोतले दोन ड्रायव्हर आणले होते,” ग्लेनिस चहा घेऊन वर आली. “खुंटीही आठला आणलीय. तीन वर्षं माझी भिंत तापवलीत, आता इथे झोपून स्वतःची पाठ तापवा. मिस्टर थॉर्प, तीन हिवाळे! तोंड होतं ना? सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं की,” म्हातारा कपाकडे बघत पुटपुटला. “पाइप वाजत नाहीत म्हटलं. तू म्हणालीस, बरंच झालं.”

ग्लेनिसला हसू आणि रडू एकदमच आलं. “थँक्यू,” ती म्हणाली. “मनापासून थँक्यू.”

“चहा पातळ आहे,” थॉर्प म्हणाला, आणि सगळा प्यायला.

शुक्रवारी पहाटे पाचला तिच्या घरातले पाइप तापून कालच्यासारखे खडखडले. ग्लेनिस मोजे हातात घेऊन ऐकत बसली. तेवढ्यात भिंतीवर पलीकडून काठीचे तीन ठोके पडले, आणि खोकल्यातून आवाज आला, “वाजतायत!”